जंगलाकडची झोळी

होळीच्या आदल्या आठवड्यात गावात एक शिडी आली. कागदावरची. नागपूरहून रश्मी नावाची एक पोरगी कुठल्याशा संस्थेच्या पाहणीसाठी आली होती. अंगणवाडीच्या ओसरीत सतरंजी टाकून ती बसली आणि एकेका बाईला समोर बसवून एक जाड कागद दाखवायला लागली. कागदावर दहा पायऱ्यांची शिडी. खाली शून्य, वर दहा.

"वरची पायरी म्हणजे तुम्हाला हवं होतं तसं आयुष्य. खालची म्हणजे अगदी वाईट. आज तुम्ही कुठे आहात, तिथे बोट ठेवा."

बाया एकमेकींना कोपरानं ढकलत हसल्या. आधी चंदा बसली. तीन लेकरांची आई, घर दिव्यानीच्या घराला लागूनच.

"मले तं शिडीवर चढूच देत नाईत हे लेकरं," ती म्हणाली. "एक पाय धरते, दुसरा पदर धरते, तिसऱ्याले तवाच भूक लागते." आणि चारावर बोट ठेवून उठली.

मग दिव्यानीची सासू, सीताबाई.

"मुलं किती, काकू?"

"दोन." सीताबाई थोडी थांबली. "एक. एक लिव."

म्हातारीचं काहीतरी चुकलं, असं दिव्यानीला वाटलं. नवरा निकेश एकटाच, हे तर सगळ्यांना माहीत. सीताबाईनं पाचावर बोट टेकवलं आणि भाजल्यासारखं उचललं.

दिव्यानीची पाळी आली तेव्हा दीड वर्षांची चंचल मांडीवर बसून त्या कागदाचा कोपरा चावत होती. सासू मागंच उभी होती. दिव्यानीचं बोट तिसऱ्या पायरीकडे निघालं, तिथं क्षणभर घुटमळलं आणि मग सरसर वर चढून आठावर गेलं.

"चंचल आल्यापासून घर भरलं आमचं," ती म्हणाली. रश्मीनं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि टॅबवर आठ मांडले.

खरं पाहता दीड वर्षात दिव्यानी सलग झोपली नव्हती. पोरीचा श्वास चालतोय की नाही हे नाकापुढे बोट धरून पाहायची, आणि पाहिलं की पुन्हा पाहावंसं वाटायचं. पोरीवर तिचा जीव होता. इतका होता, की स्वतःजवळ काही उरलाच नव्हता. चिमूरच्या कॉलेजातून बी. ए. होताना आपण कशावर हसायचो, हे आठवायला तिला आता वेळ लागे.

शेवटी आशाबाई आली. समोरच्या घरातली, पन्नाशी ओलांडलेली. तिचा नवरा सोमाजी बाहेर सायकल धरून उभा होता.

"मुलं?"

"नाई जी."

"म्हणजे किती?"

"नाई म्हटलं ना वं. नाई म्हंजे नाईच."

आणि रश्मीनं काही समजावून सांगायच्या आत आशाबाईनं दहावर बोट ठेवलं. मग शिडीच्या वरची कोरी जागा चाचपून म्हणाली, "याच्यावर काई नाई काय?"

रश्मी मोकळेपणी हसली. ओसरीतली दुसरी कुणीच हसली नाही.

*

होळी झाली आणि गावात लेकरांना ताप आले. चंदाचा धाकटा, मग पलीकडच्या घरातले दोघं. उपकेंद्रातली नर्स म्हणाली, व्हायरल आहे, पाणी पाजा. बाया बोअरिंगवर पाणी भरताना दुसरंच बोलत होत्या.

"आपण लेकरंवाल्या चार-पाचावर," चंदा म्हणाली, "अन् थे दहावर. कुठून येते वं तिले येवढं?"

सीताबाई हापशी मारत होती. दांडा खाली दाबता दाबता म्हणाली, "आपल्याच घरातून येत असन."

हापशीचा आवाज तेवढा चालू राहिला. कॉलेजात असताना दिव्यानीनं जादूटोण्याविरुद्धच्या पथनाट्यात काम केलं होतं. त्यात चेटकीण ठरवलेली बाई तीच होती. केस मोकळे सोडून बाजारात ओरडली होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता बोलायला पाहिजे, असं तिला वाटलं. पण चंचल कडेवर होती, पाण्याची गुंडी भरली होती, आणि सासू पुढं चालायला लागली होती.

खरी गोष्ट अशी होती, की समोरच्या त्या दोघांकडे दिव्यानीही पाहायची. संध्याकाळी सोमाजी आणि आशाबाई अंगणात बाजेवर बसत. एकाच ताटात जेवत. सोमाजी जुना पेपर मोठ्यानं वाचे, चुकीचा वाचे, आणि ती हसून हसून ताटावर वाकत असे. हिवाळ्यात दोघं वडशाला नाटक पाहायला गेली, ती दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर परतली. दोघांचे घसे बसलेले, डोळे लाल. दाराआडून हे पाहताना दिव्यानी पोरीला घट्ट धरायची. पोर रडायची.

*

त्या सालात मोह उशिरा गळायला लागले. झाडं नुसती फुगून उभी होती. मग एका पहाटे सगळ्या रानाला एकदमच गोड, आंबूस वास सुटला आणि घरोघरी टोपल्या बाहेर निघाल्या.

निकेश वडशाला राईस मिलमध्ये होता, रविवारचा येई. घरात सासू-सून दोघीच, आणि मोह दहा-पंधरा दिवसांचा खेळ. दोघींनी गेल्याशिवाय भागत नव्हतं. लग्नानंतरचा हा तिसरा हंगाम. एकदा दिव्यानी गरोदर होती, एकदा पोर लहान म्हणून माहेरी होती. मोहाखाली ती पहिल्यांदाच निघाली.

तिनं टोपली काढली, दोर काढला, झोळीसाठी जुनं लुगडं काढलं. चंचलचा पिवळा फ्रॉक तेवढा सापडेना. काल संध्याकाळी अंगातून काढून अंगणातल्या दोरीवर टाकला होता. धुतलाही नव्हता, छातीवर दुधाचे आणि लाळेचे डाग तसेच होते.

"वाऱ्यानं उडला असन," सासू म्हणाली.

"वारा कुठं होता, आई?"

"मंग कुत्र्यानं नेला असन. चाल, फुलं पडून राह्यले."

नाल्यापलीकडे मोहाची झाडं ओळीनं होती. कोणतं झाड कोणाचं, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. नाल्याजवळ चंदाचं, मग सीताबाईचं, आणि शेवटचं आशाबाईचं. त्याच्यापुढे झुडपं आणि मग जंगल. गेल्या आठवड्यात सगळ्यांनी आपापल्या झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केली होती. त्या काळ्या राखेवर पिवळी फुलं पडली होती, जणू कुणी रांगोळीचे ठिपके टाकावेत तशी.

यंदा बिबट फिरतो आहे म्हणून वनखात्याच्या माणसांनी मुखवटे वाटले होते. प्लास्टिकचे, मोठ्या डोळ्यांचे. ते डोक्याच्या मागच्या बाजूला घालायचे, म्हणजे बाई वाकली तरी तिचं तोंड जंगलाकडेच आहे असं जनावराला वाटावं. पहिल्या दिवशी बाया हसल्या. दुसऱ्या दिवसापासून कुणी हसेना. पहाटेच्या करड्या उजेडात सगळ्या वाकलेल्या, आणि सगळ्यांच्या पाठीवर एकच चेहरा. चंचल झोळीतून डोकं वर काढून आईला हाक मारायची आणि मुखवट्याकडे पाहून हसायची. दिव्यानी वळली, खरं तोंड दिसलं, की गप्प व्हायची.

चंदाच्या झाडाला एक झोळी होती, दिव्यानीची एक. आणि तिसरीही एक होती. आशाबाईच्या झाडाला, जंगलाकडच्या फांदीला.

दिव्यानीनं वेचता वेचता दोनदा तिकडं पाहिलं. झोळीत काहीतरी होतं. वजनानं लुगडं खाली ताणलं होतं. आशाबाई फुलं वेचत जवळ आली की झोळीला हळूच एक झोका द्यायची आणि पुढं सरकायची.

"आई, काकींच्या झोळीत कोण आहे?"

सीताबाईनं मान वर केली नाही. "तिकडं पाहू नोको."

"पण—"

"दर साली बांधते थे. पाहू नोको म्हटलं ना."

तिसऱ्या दिवशी दिव्यानीनं पाहिलं. आशाबाई टोपली ओतायला सोमाजीकडे गेली होती. झोळी हलत होती. वारा मुळीच नव्हता. मोहाचं एक पान हलत नव्हतं. दिव्यानी राखेवरून चालत गेली आणि लुगड्याची कड बाजूला केली.

आत वरवंटा होता. दगडी, काळा. त्याला चंचलचा पिवळा फ्रॉक घातलेला होता, बाह्यांसकट, पाठीमागची गुंडीसुद्धा लावलेली. तिनं बोट लावलं. दगड कोमट होता.

बारशाला वरवंटा असाच गुंडाळतात. चंचलच्या बारशातही बायांनी गुंडाळला होता, पाळण्याखालून एकीनं दिला, वरून दुसरीनं घेतला. तेव्हा आशाबाई दारापर्यंत आली होती, आणि सीताबाईनं ओट्यावरच तिच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण दिला होता. म्हणजे घे आणि जा. दिव्यानीनं ते बाजेवरून पाहिलं होतं. काही बोलली नव्हती.

फ्रॉक काढून घ्यायलाही तिचा हात धजला नाही. ती तशीच मागं फिरली.

त्या संध्याकाळी चंचलचं अंग तापलं.

*

ती सांगणार नव्हती. कायदा तिला पाठ होता, पथनाट्यातली वाक्यं पाठ होती. व्हायरल आहे हेही माहीत होतं. पण पोर उतरत्या उन्हात मांडीवर तळमळत होती, ओठ कोरडे पडले होते, आणि तिच्या डोळ्यांपुढून त्या दगडाला लावलेली गुंडी हलेना. सासू कपाळावर ठेवायला ओलं फडकं घेऊन आली, तेव्हा दिव्यानीच्या तोंडून निघून गेलं.

सीताबाई ऐकत राहिली. फडकं पिळलं. पोरीच्या कपाळावर नीट ठेवलं. मग चपला न घालताच चंदाच्या घराकडे गेली.

भिंतीपलीकडून दिव्यानीला आपलीच गोष्ट ऐकू आली. जाताना लहान होती, परत येताना मोठी झालेली. सगळ्यांत मोठ्यानं एक वाक्य येत होतं: "बी. ए. झालेल्या सुनंनं डोळ्यानं पाह्यलं."

पहाटे पाच-सहा बाया आशाबाईच्या झाडाखाली जमल्या. चंदानं विळ्यानं दोर कापला. झोळी धपकन राखेत पडली. वरवंटा कुणीतरी उचलून नाल्यात फेकला. फ्रॉक सीताबाईनं कमरेला खोचला.

"पदर सोड," चंदा म्हणाली. "गाठीत काय हाय, दाखव."

आशाबाईनं पदराची गाठ सोडली. तंबाखूची पुडी निघाली. मग तिला हात पसरायला लावले, तोंड उघडायला लावलं, अंबाडा सोडायला लावला. पिकलेले केस पाठीवर पसरले. तिनं वेचलेली टोपली कुणीतरी लाथेनं पालथी केली आणि फुलांवरून दोघी-तिघी चालून गेल्या. चिकट रस निघाला, वास उठला. सोमाजी रिकामी टोपली पोटाशी धरून उभा होता.

"अवो, आइका तं सही," तो म्हणत होता. "आइका तं."

दिव्यानी तापलेल्या पोरीला घेऊन आपल्या झाडाखाली उभी होती. ती बोलली असती तर थांबल्या असत्या. तिचा शब्द घेऊनच तर त्या आल्या होत्या. तिनं तोंड उघडलंही. आशाबाईचे मोकळे केस पाहून तिला बाजारातल्या टाळ्या आठवल्या आणि तोंड तसंच राहिलं.

आशाबाईनं वाकून लुगडं उचललं, झटकलं, घडी केली. जाताना दिव्यानीसमोर थांबली.

"आता तुयी झोळी जंगलाकडची झाली, बाई," ती म्हणाली.

सीताबाईनं तिच्या थोबाडीत मारली. "माह्या नातीले शाप देते काय वं?"

आशाबाईनं गालाला हातही लावला नाही. सोमाजीच्या मागून नाला उतरली.

*

ताप दुसऱ्या दिवशीच उतरला. बोअरिंगवर चंदा म्हणाली, "पाह्यलं?" दिव्यानीनं गुंडी उचलली.

त्याच्या पुढच्या पहाटे दोघी पुन्हा मोहाखाली गेल्या. दिव्यानीनं झोळी बांधली, चंचलला निजवलं, मुखवटा मागं चढवला. शेजारच्या झाडाखाली फुलांचा थर साचला होता; वेचणारं कुणी नव्हतं.

"तिच्याही झाडाचे वेच," सासू म्हणाली. "जनावरं खाण्यापेक्षा बरं."

दिव्यानी टोपली घेऊन तिकडं गेली. खाली बसली. चार फुलं वेचली आणि हात थांबला.

आशाबाई रोज वेचून झालं की झाडाच्या फांदीनं राख सारखी करून जायची. दिव्यानीला ते नेटकेपण वाटलं होतं. परवापासून राख तशीच पडलेली होती, आणि राखेत पंजे उमटले होते. तिच्या तळहाताएवढे, गोल, नखांशिवायचे. झुडपातून निघून ते सरळ त्या फांदीखाली आले होते. कापलेल्या दोराचा तुकडा अजून तिथं लोंबत होता. त्याच्याखाली राख दबलेली होती. कुणीतरी बराच वेळ बसून वर पाहिलं असावं. मागं शेपटी फिरल्याची रेघ.

तिथून पंजे झुडपाकडे परत गेले नव्हते. पुढं गेले होते. फुलांवरून, दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेवरून.

दिव्यानीनं त्यांच्या मागं मागं नजर नेली. पंजे तिच्या झाडाखाली पोचले होते. वर तिची झोळी होती, आणि झोळी हलत होती.

वारा नव्हता. सासू पलीकडच्या बाजूला वाकलेली, पाठीवरचा चेहरा मोठ्या डोळ्यांनी जंगलाकडे पाहत होता. दिव्यानीला ओरडायचं होतं. धावायचं होतं, पाय एकेक करून राखेत रोवल्यासारखे पडत होते. ती चालली. टोपली हातातच होती, हे तिला नंतर कळलं.

चंचल जागी होती. रडत नव्हती. आईच्या खांद्यावरून पलीकडे झुडपात पाहत होती आणि हात वर करून बोटं उघडझाप करत होती. निकेश रविवारी जायला निघाला की करायची, तशी.

दिव्यानीनं पोरीला ओढून छातीशी घेतलं आणि मग वळून पाहिलं. झुडूप होतं. झुडपात अंधार होता. एक वाळकी काडी हलून थांबत होती. झोळीचं लुगडं खालच्या अंगाला ओलं झालं होतं. पोरीच्या मुताचा वास तिला रोजचा. हा तो वास नव्हता.

"आई," ती म्हणाली. आवाज आला तो एवढाच.

सीताबाई आली. तिनं राख पाहिली. झोळी पाहिली. मग टोपली खाली ठेवून ती पंजांच्या बाजूलाच मटकन बसली. मुखवटा घसरून गळ्यात आला.

"इथीच," ती म्हणाली. "याच फांदीले."

"काय, आई?"

"निकेशच्या आंधी पोरगी होती मले. निशा. वर्साचीही नव्हती." सीताबाई राखेवर बोट फिरवत होती, एका पंजाची कड तिनं अर्धी पुसली. "झोळी हालून राह्यली होती. मले वाटलं, खेळून राह्यली पोर. मी दोन मुठी फुलं आणखी वेचले. मंग पाह्यलं."

दिव्यानी उभीच होती. पोरीचं वजन हातात वाढत होतं.

"थे आशा त्या झाडाखाली होती. तिच्या तोंडासमोर माही झोळी. तिनं आवाज देल्ला नाई. अन् त्याच्या पुढल्या सालापासून मोकळी झोळी बांधते. तीस वर्सं झाले. मले वाटे, मले चिडवाले बांधते. तुयी मोकळी झाली, पाह्य म्हणून."

*

दिव्यानीनं वनखात्याच्या गार्डला फोन लावला. तो म्हणाला, पिंजरा लावतो, दोन-चार दिवस लागतील, तोवर कुणी जाऊ नका. फुलं तोवर फांदीवर थांबत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

मग ती पोरीला कडेवर घेऊन रस्ता ओलांडून समोर गेली. दीड वर्षात पहिल्यांदा. सोमाजी बाजेवर बसला होता, त्यानं पाय आखडून जागा केली. आशाबाई ओट्यावर आधी वेचलेली फुलं पसरत होती. गालावर अजून सूज होती.

"बस," ती म्हणाली. "उभ्यानं भांडत जाऊ नोको, पोरीच्या वजनानं पाठ दुखते."

"भांडायला नाही आली, काकी."

"मंग तं बसच."

दिव्यानी बसली. काय विचारायचं ते घोकून आली होती, आणि निघालं भलतंच. "फ्रॉक मागितला असता तर मी दिला असता."

"तू देल्ला असता. तुया सासूनं देल्ला असता काय?" आशाबाई फुलं पसरत राहिली. "अन् धुतलेला चालत नाई. दुधाचा वास पाह्यजे. वरवंटा मी घरून पोटाशी बांधून नेत जाओ, तेवढाच उबारा राह्यते त्याले. बिबट काई बुद्दू नाई."

"तो रोज यायचा?"

"यंदा रोज. एखाद्या साली येतच नाई. येते, बसते, पाह्यते, हुंगते, दगड हाय म्हून जाते. सकाळी मी राख सारखी करून देओ. तुमाले दिसलं असतं तं कोणी मोह वेचाले आलं नसतं."

"आणि झोळी नसती, तर तो आलाच नसता तर? वासानंच येत असेल तर?"

आशाबाईचा हात पहिल्यांदा थांबला. सोमाजीनं पेपर खाली केला.

"थेही रोज मनात येते," ती म्हणाली. "येते म्हून बांधते का बांधते म्हून येते, थे त्यालेच ठाऊक."

चंचल दिव्यानीच्या मांडीवरून उतरली आणि पसरलेल्या फुलांत जाऊन बसली. एक फूल उचलून तिनं सोमाजीला दिलं. त्यानं ते खाल्लं. तिनं दुसरं दिलं.

"तुया सासूची झोळी हालताना मी पाह्यली होती," आशाबाई म्हणाली. "वारा नव्हता. मले कुठचं लेकरू? झोळी कशानं कशी हालते, हे मले काय ठावं? मी समजली, लेकरू जागं झालं असन. बोलली नाई. पहिल्या साली तं मी नुसतं पाहाले बांधली झोळी. मोकळी कशी हालते, वाऱ्यानं कशी हालते, दगडानं कशी हालते. आता ठावं हाय. आता झोपेतही वळखते."

"काकी, त्या दिवशी तुम्ही दहा सांगितलं."

"मंग?"

"मी आठ सांगितलं. तीन होते." हे बोलताना दिव्यानीनं पोरीकडे पाहिलं, पोरीनं ऐकलं तर नाही ना म्हणून. "तुम्हाला वाटत नाही का कधी, मूल असतं तर?"

"वाटते. नाईबी वाटत. भाजी कशी झाली त्याच्यावर हाय." सोमाजी हसला. आशाबाईही हसली, आणि गाल दुखला तशी थांबली. "त्या पोरीनं इचारलं, आज कुठी हाव. आता पाह्य. रोज पहाटे मी एक लेकरू नेऊन त्याच्या तोंडासमोर टांगते. अन् उन्हं आल्यावर घरी येते तं कोणाचंच गेलं नसते. मंग दहावर नाई तं कुठी बसू?"

दिव्यानी म्हणाली, "उद्यापासून पुन्हा बांधा. मी सांगते सगळ्यांना. मी सांगितलं होतं, मीच सांगते."

"सांग. पण मी नाई बांधत आता." आशाबाईनं आपले केस हातात घेऊन पिळले, अंबाडा केला. "परवापासून हात कापून राह्यले. कापणाऱ्या हाताचा झोका त्याले कळन. तुले बांधाची असन तं बांध. पोरगी इथी ठेव."

*

बोअरिंगवर दिव्यानीनं सांगितलं. चंदानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ताप उतरला ना?" एवढंच. कुणी आशाबाईच्या दारात गेलं नाही. चंदाची झोळी दुसऱ्या पहाटे नाल्याच्या अगदी काठावर सरकली होती.

निघताना सीताबाईनं कमरेचा पिवळा फ्रॉक काढून दिव्यानीच्या हातात दिला. तिनंही तो धुतला नव्हता. वरवंटा घरातला, चंचलच्या बारशाचा. दिव्यानीनं तो रात्रभर अंथरुणात पोटाशी धरला होता. एका अंगाला पोर, दुसऱ्या अंगाला दगड, आणि मधे तिला गाढ झोप लागली होती. जाग आली तेव्हा पहिल्यांदा कशाच्या नाकापुढे बोट धरलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

चंचलला तिनं समोरच्या ओट्यावर आशाबाईकडे दिलं. पोर रडली नाही.

आशाबाईच्या झाडाखाली जाऊन तिनं जंगलाकडच्या फांदीवर दोर फेकला, लुगडं बांधलं, वरवंट्याला फ्रॉक घातला, मागची गुंडी लावली. झोळीत ठेवला. झुडपाकडे न पाहता मुखवटा मागं चढवला. मग झोळीला एक झोका दिला.

हात हलका होता. कडेवर काही नव्हतं, छातीला काही बिलगलेलं नव्हतं, मागून कुणी हाक मारत नव्हतं. झोळी गेली आणि परत आली. जायचाच तर दगड जाणार होता, पोर नाही. दिव्यानीनं दुसरा झोका दिला, जरा जोरात, आणि तिच्या अंगातून काहीतरी सुटून वर वर चढत गेलं. खांदे, मान, डोकं. दीड वर्षात तिला असं वाटलं नव्हतं. कागदावर कुठं बोट ठेवावं लागेल हे तिला कळलं, आणि मग तिला भीती वाटली. झुडपाची नाही.

"वेच वं पोरी," पलीकडून सीताबाईनं आवाज दिला. "हात चालव."

दिव्यानी वाकली. राखेतून एकेक फूल उचलून टोपलीत टाकायला लागली. पाठीवरचा चेहरा जंगलाकडे होता. तिच्या मागं झोळीचा दोर फांदीवर करकरत होता. आता थांबेल म्हणून ती ऐकत राहिली. टोपली अर्धी भरली. वारा नव्हता. दोर करकरत होता.

तिनं मान वळवली नाही. पण हसू आलेलं तोंड तिनं पदरानं पुसलं, सासूला दिसू नये म्हणून.